पंधरा रुपयांची बाकी

दरवर्षी दिवाळी-पाडव्याला अण्णांच्या नव्या वहीत पहिल्या पानावर एक ओळ उतरायची : ‘मिस्त्रीचाचा, देणे बाकी रु. 15.’ अण्णा बेगमबाजारात एका किराणा पेढीवर हिशेबनीस होते. जुनी वही मिटली की तिच्यातली येणी-देणी नव्या वहीत ओढायची, ही त्यांच्या हाताची सवय. घरची वहीही ते तशीच ठेवत. दुधाची बाकी, वाण्याची बाकी, भिशीचा हप्ता, या ओळी येत आणि मिटत. मिस्त्रीचाचांची ओळ 1975 च्या पाडव्याला पहिल्यांदा लिहिली गेली आणि अण्णा गेले त्या सालापर्यंत मिटली नाही. त्यानंतर ती ओळ मी ओढते आहे.

आम्ही तेव्हा गौलीगुड्यात राहत होतो. एका बाजूला कोठी, दुसऱ्या बाजूला बेगमबाजार आणि खाली उतरले की अफझलगंज आणि मुशी नदी. गवळ्यांची वस्ती म्हणून हे नाव पडले, पण माझ्या लहानपणी तिथे गाईंपेक्षा बसगाड्या जास्त होत्या. निजामाच्या सरकारने 1932 साली 27 बसगाड्या घेऊन राज्याची मोटारसेवा सुरू केली, तिचे मोठे ठाणे म्हणजे गौलीगुड्याचे पत्र्याचे हँगर. विमाने ठेवायच्या त्या अर्धगोल छपराखाली वरंगल, करीमनगर, निजामाबादच्या गाड्या लागत. पहाटे चारपासून कंडक्टरांचा पुकारा सुरू व्हायचा, तो पत्र्यावर आपटून दुप्पट होऊन आमच्या गल्लीत यायचा. नांदेडकडचे पाव्हणे मात्र काचीगुड्याला आगगाडीतून उतरत आणि रिक्षाने येत. घर एवढेसे, पण दर महिन्याला कुणी ना कुणी असायचेच. कुणाला उस्मानिया दवाखान्यात दाखवायचे असे, कुणाची मुलाखत असे.

अशा घरात मुलीने अभ्यासाला बसायचे कुठे? दोन खोल्या आणि एक बोळ. जेवणाची पंगत उठली की पाट बाजूला करून मी तिथेच वही उघडायची, आणि कुणी पाणी मागितले की उठायची. मी डावरी. शाईच्या पेनने लिहिताना माझा हात लिहिलेल्या ओळीवरूनच पुढे सरकायचा आणि ओली अक्षरे तळहाताला लागायची. पाटावर वाकून लिहिताना तर हात उचलून धरणेही जमत नसे. रोज संध्याकाळी आई माझा हात लिंबाच्या सालीने घासायची.

घर जुने होते. भिंती दगड-चुन्याच्या, दोन फूट जाडीच्या. रस्त्याकडच्या खिडकीपाशी ती भिंत आतून जमिनीपर्यंत कोरलेली होती, त्यामुळे तिथे दीड फूट खोलीचा एक कोनाडा तयार झाला होता. त्यात आम्ही वळकट्या उभ्या करून ठेवत असू. आठवीच्या दसऱ्याच्या सुट्टीत अण्णा एकदा त्या कोनाड्यापुढे उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “इथे एक फळी बसली तर?”

विकतचे टेबल परवडण्यासारखे नव्हते, आणि परवडले असते तरी ठेवायला जागा नव्हती. फळी मात्र घरातच होती. माळ्यावर आजीची बंगई पडून होती. आजी गेल्यावर नांदेडचे घर मोडले, तेव्हा अण्णांनी भांडी वाटून टाकली आणि बंगई तेवढी आणली. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाडीचे एकसंध सागवान. चार कोपऱ्यांना कड्यांची चार भोके. हैदराबादच्या घरात ती टांगायला तुळईच नव्हती.

अण्णांनी जांबागहून मिस्त्रीचाचांना आणले. जांबागला फर्निचरची दुकाने होती, त्यातल्या एका दुकानात ते रोजंदारीवर काम करत. आमचे काम त्यांनी दुकान सुटल्यावर, संध्याकाळी करायचे ठरले. मजुरी चाळीस रुपये. उंच, किंचित वाकलेले, कानामागे पेन्सिल. त्यांचे नाव अण्णांना माहीत असेल, मला नव्हते. आम्ही मुलांनी त्यांना मिस्त्रीचाचाच म्हटले आणि वहीतही तेच उतरले.

घरमालकीणबाईंना आम्ही अम्मा म्हणत असू. भिंतीला भोके पाडायची म्हणून अण्णा परवानगी मागायला गेले. अम्मा वर आल्या, कोनाडा बघितला, माझ्याकडे बघितले आणि तेलुगूत एकच शब्द बोलून खाली गेल्या : “चदुवुकोनी.” शिकू दे तिला. त्या शब्दाचेही मी देणे लागते.

पहिल्या संध्याकाळी मिस्त्रीचाचांनी हत्यार काढलेच नाही. त्यांनी कोनाडा मापला. मागच्या बाजूला तीन फूट सात इंच भरला, पुढे तीन फूट आठ इंच दोन सूत. गुण्या लावला तर डावा कोपरा काटकोनात, उजवा नाही. मग त्यांनी माझ्याकडून वहीचे जुने पुठ्ठे मागून घेतले, ते एकाला एक चिकटवले आणि कोनाड्यात बसवून कात्रीने कापत कापत भिंतीच्या पोटाचा हुबेहूब साचा काढला. मी विचारले, भिंत वाकडी आहे तर ती सरळ का नाही करत? ते म्हणाले, “दिवार कब्बी सिधी नै रहती, बेटा. लकडी कूच समझाना पडता.”

त्या ‘कूच’मधल्या ‘च’कडे माझे लक्ष फार उशिरा गेले. तो आपल्या मराठीचा ‘च’. दखनीत येऊन तो इतका रुळला आहे, की हैदराबादी माणूस त्याच्यावाचून ठासून बोलू शकत नाही. ‘नक्को’ही आपल्याच ‘नको’वरून गेलेला. आणि आमच्या अण्णांच्या वहीत काय होते? जमा, खर्च, वसूल, बाकी. हे सगळे फारसीच्या वाटेने आलेले शब्द. या दोन भाषा शतकानुशतके एकमेकींच्या वहीत नावे लिहीत आल्या आहेत आणि कुणीच कुणाचे खाते मिटवलेले नाही.

दुसऱ्या दिवशी बंगई खाली आली. त्यांनी तिच्यावर उलटा-सुलटा हात फिरवला, नखाने टोकरून पाहिले आणि अण्णांना विचारले, “किस की है?” आईची, असे अण्णा म्हणाले. त्यानंतर साचा लावून, करवत चालवायच्या आधी त्यांनी फळीला हात लावून तो कपाळाला लावला. आईने ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले. त्या दिवसापासून त्यांचा चहा कपातून नव्हे, आजीच्या पितळी पेल्यातून जाऊ लागला.

रंधा फिरला तसा वरचा काळपट थर निघून आत मधासारखा रंग उघडा पडला. खोलीभर सागाचा उग्र, तेलकट वास. झिलप्या मी गोळा करून ठेवत असे. ते काम करताना मापे भिंतीवरच लिहायचे, चुन्यावर पेन्सिलीने, आणि ते आकडे मला वाचता येत नव्हते. विचारल्यावर त्यांनी एक झिलपी सरळ केली आणि तिच्यावर एक ते नऊ लिहून दाखवले. शून्य म्हणजे नुसते टिंब. पाच म्हणजे उलट्या पिंपळपानासारखा. “सात का मुंह उप्पर, आठ का मुंह नीचे. ये दो में लोगां गडबड करते.” आणि एक गंमत त्यांनी सांगितली : उर्दूची अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात, आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी त्यांनी मला फळीपुढे बसवले. फळी अजून पक्की नव्हती, खाली विटा रचून तात्पुरती टेकवलेली. “लिखो, देखतौं.” मी लिहू लागले. ते बाजूला उकिडवे बसून माझे कोपर, माझे खांदे, माझे गुडघे बघत होते. एक वीट काढली, पुन्हा लिहायला सांगितले. वीट बदलून तिथे पातळ फळकूट सरकवले, पुन्हा लिहायला सांगितले. असे पाच-सहा वेळा. शेवटी जमिनीपासून सव्वीस इंचांवर खूण केली. तोवर माझा तळहात शाईने भरला होता. तो त्यांनी उलटा करून पाहिला. मला वाटले, आता हेही विचारणार की उजव्या हाताने का लिहीत नाहीस. त्यांनी माझ्या हातातले पेन घेतले नाही, हात बदलायला सांगितले नाही. वहीच्या उजव्या कडेला बोट ठेवून म्हणाले, “इधर से लिखी तो शाई नै लगती. हमारा लिखना तुम्हारे हाथ कू अच्छा बैठता.” आणि अलिफ, बे, पे, ते ही चार अक्षरे काढून दिली. मी ती डाव्या हाताने उजवीकडून गिरवली. हात ओल्या शाईपासून लांब लांब जात राहिला. ओळ संपली तेव्हा पहिल्यांदा माझा तळहात कोरडा होता.

बंगईच्या भोकांपैकी दोन तर फळी कापताना गेलीच. उरलेली दोन्ही डाव्या टोकाला आली. त्यांपैकी पुढचे त्यांनी सागाचीच गोल गुट्टी मारून बुजवले, रंधा मारला तेव्हा ते शोधूनही सापडेना. मागचे मात्र पटाशीने मोठे करून त्यात शाईची दौत बरोबर बसेल असे खोलगट केले. सगळ्या जगातली टेबले उजव्या हातासाठी केलेली असतात. माझे एकटीचे टेबल डाव्या हाताचे होते.

फळीला पाय नव्हते. तिन्ही बाजूंना भिंतीला दोन इंची पट्ट्या आणि त्यांच्यावर फळी. दगड-चुन्याच्या भिंतीत खिळा धरत नाही. म्हणून पटाशीने तीन-तीन इंच खोल चौकोनी भोके पाडून, त्यांत सागाच्या गुट्ट्या ठोकून, त्या गुट्ट्यांना पट्ट्या स्क्रूने आवळायच्या. फळी खालून स्क्रूने धरायची. बाजूच्या पट्ट्यांतली स्क्रूची भोके त्यांनी गोल न ठेवता लांबट केली आणि फळीच्या मागे भिंतीपासून दोन सूत मोकळे सोडले. लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते, लांबीला फुगत नाही. त्याला जागा दिली नाही तर ते स्वतः तरी चिरते, नाहीतर भिंत तरी ढकलते. शेवटी काचकागद आणि बेलतेलाचे दोन हात.

गुट्ट्या त्यांनी ठोकल्या त्या संध्याकाळी मी शाळेतच अडकले होते. सुट्टी संपली होती.

काम संपले त्या संध्याकाळी अण्णांनी पंचवीस रुपये पुढे केले आणि मान खाली घालून म्हणाले, पंधरा पुढच्या महिन्यात देतो. मिस्त्रीचाचांनी पंचवीस घेतले, मोजले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून उंची मापल्यासारखे केले आणि म्हणाले, “बच्ची बढती. दो साल बाद दो इंच उठाना पडता. मैं आके उठा देतौं, तब्बीच लेतौं बाकी के.” अण्णांनी पुढच्या महिन्यात पैसे नेले तेव्हाही त्यांनी घेतले नाहीत. काम पुरे झालेले नाही, म्हणाले.

मी दहावीत गेले त्या वर्षी अण्णा पुन्हा जांबागला गेले. दुकानात सांगितले, मिस्त्री बाहेर गेले. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांत इमारतींची कामे निघाली, तेव्हा हैदराबादचे कितीतरी गवंडी, सुतार, वायरमन तिकडे गेले. त्या गर्दीत आमचे मिस्त्रीचाचाही. दुबई, कुवेत की आणखी कुठे, हे दुकानात कुणाला नीट सांगता येईना. अण्णांनी एक दहाची आणि एक पाचाची नोट पाकिटात घालून देवाच्या तसबिरीमागे ठेवली. दोन इंचांचा विषय आमच्याकडे परत निघाला नाही. ते येतील तेव्हा उठवतील, असेच घरात धरून चालले होते.

त्या सव्वीस इंची फळीवर मी दहावी झाले, बारावी झाले, पदवीधर झाले. गुडघे पट्टीला लागू लागले तेव्हा बसायची पद्धत बदलली. पाठ वाकली, तर वाकून लिहिले. शाळा माझी विवेकवर्धिनी. निजामाच्या राजवटीत मराठी मुलांना मराठीतून शिकता यावे म्हणून केशवराव कोरटकरांसारख्यांनी उभी केलेली. तिने मला मराठी दिली. उर्दूची वाट मात्र त्या एका झिलपीवरून निघाली. चार अक्षरांनी भागेना, म्हणून पंजागुट्ट्याच्या इदारा-ए-अदबियात-ए-उर्दूच्या परीक्षांना बसले. डॉ. मोहिउद्दीन कादरी ‘जोर’ यांनी 1931 मध्ये काढलेली ही संस्था. अभ्यासाला अफझलगंजची सरकारी लायब्ररी होतीच, जुन्या लोकांची आसफिया. मुशीच्या काठावरच्या त्या उंच दालनात डाव्या हाताने उर्दू उतरवणारी मराठी मुलगी म्हणून मला सगळे ओळखू लागले.

आणि तेच पुढे माझे काम झाले. मराठवाड्याचे जिल्हे 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या काळचे सरकारी दप्तर उर्दूत. आजोबाची जमीन, तिचा सेतवार, फैसल पत्रक, तहसीलदाराचा हुकूम, सगळे अशा लिपीत की नातवाला त्यातले एक अक्षर लागत नाही. परभणी-नांदेड-बीडहून माणसे ते कागद घेऊन येत राहिली. ओळखीतून ओळखीने माझ्यापर्यंत पोचत राहिली. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध हैदराबादच्या दप्तरांपर्यंत आला, तेव्हापासून तर असे कागद घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली आहे.

हे कागद शिकस्ता लिपीत असतात. लिहिणाऱ्याने घाईत टिंबे गाळलेली, अक्षरे एकमेकांत ओढलेली. साल असते फसली. त्यात 590 मिळवले की ते वर्ष कोणत्या इसवी सनात सुरू झाले ते कळते. 1357 फसली म्हणजे 1947 च्या ऑक्टोबरपासूनचे वर्ष. एकदा परभणीकडचे एक आजोबा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन आले. जमिनीचा नंबर आधी कुणीतरी त्यांना 87 सांगितला होता आणि त्या नंबरावर त्यांच्या घराण्याचे काहीच निघत नव्हते. मी कागद फळीवर, खिडकीच्या उजेडात धरला. पहिल्या आकड्याचे तोंड वर होते, दुसऱ्याचे खाली. 78. आजोबांनी दोन्ही हात जोडले. मी त्यांना म्हटले, हे हात माझ्याकडे करू नका, मी फक्त वाचले. कुणाकडे करायचे ते मात्र मला सांगता आले नाही.

5 जुलै 2018 च्या पहाटे गौलीगुड्याचे हँगर कोसळले. वरंगल-करीमनगरच्या गाड्या 1994 मध्येच इमलीबनच्या नव्या स्टँडवर गेल्या होत्या. छप्पर धोक्याचे म्हणून ते आधीच रिकामे केले होते, त्यामुळे कुणाला इजा झाली नाही. त्याच पावसाळ्यात आमच्या घराचाही निकाल लागला. अम्मांच्या नातवंडांनी इमारत पाडायचे ठरवले आणि आम्हाला काचीगुड्याजवळ एका फ्लॅटमध्ये जायचे होते. मी म्हटले, बाकी काही राहिले तरी चालेल, फळी माझ्याबरोबर येणार.

फळी काढायला एक तरुण सुतार आला. चाळीस-बेचाळीस वर्षांचे स्क्रू, पण बेलतेलात बुडवून बसवलेले. जरा जोर लावताच फिरले. फळी वर उचलली. तिच्या पोटाला पेन्सिलीचे आकडे तसेच होते. मी ते वाचले : तीन, सात. तीन, आठ, दोन. आणि मग तो मुलगा म्हणाला, “मॅडम, ये उप्पर वाले काइकू?”

भिंतीवर, फळीची कड जिथे टेकत होती नेमक्या त्या रेघेत, गुट्ट्यांची आणखी एक रांग होती. खालच्या पट्ट्यांच्या गुट्ट्यांपासून मोजून दोन इंच वर. सागाच्या, चौकोनी, चुन्यात पक्क्या बसवलेल्या. एकीतही स्क्रूचे भोक नव्हते. दीड इंचाच्या फळीने त्या एवढी वर्षे आपल्या जाडीमागे झाकून ठेवल्या होत्या.

मी खाली बसले आणि एकेका गुट्टीवर बोट ठेवले. कितीतरी वेळ मला उठता आले नाही. दगडात तीन इंचांचे भोक पाडणे हे त्या कामातले सगळ्यात कष्टाचे काम, ते त्यांनी दुप्पट केले होते. चाळीस रुपयांत, दिवसभर दुकानात राबून आल्यावर, आम्हाला न सांगता. मी मोठी होणार, याची तयारी त्यांनी भिंतीत करून ठेवली होती. ते न आले तरी अडू नये, कुणीही स्क्रू काढावेत, पट्ट्या वर घ्याव्यात आणि फळी ठेवावी, अर्ध्या तासाचे काम. आम्ही मात्र त्यांची वाट बघत वाकून बसत राहिलो. काम पुरे झालेले नाही, असे ते म्हणाले होते. काम पुरे झालेले होते. त्यांनी मागे ठेवले होते ते फक्त पुन्हा येण्याचे निमित्त.

ऋणानुबंध हा शब्द आपण इतका सैल वापरतो, की त्यातला हिशेब विसरतो. ऋण आहे म्हणून बंध आहे. त्यांनी त्या दिवशी चाळीस रुपये घेतले असते, तर आमचा-त्यांचा व्यवहार तिथेच संपला असता आणि मी त्यांना विसरूनही गेले असते. पंधरा रुपये अंगावर राहिले म्हणून दर पाडव्याला ते आमच्या घरी येत राहिले.

नव्या घरातली भिंत काँक्रीटची. मशीनने भोके पडली, प्लास्टिकच्या गुट्ट्या बसल्या, सगळे एका दुपारी उरकले. फळी मी अठ्ठावीस इंचांवर बसवून घेतली. जुन्या भिंतीतून काढलेली एक सागाची गुट्टी दौतीच्या खळग्यात ठेवली आहे, आता दौत लागत नाही. पहिल्या दिवशी खुर्ची पुढे ओढून बसले तेव्हा गुडघे मोकळे राहिले आणि खांदे आपोआप खाली आले. वयाच्या छपन्नाव्या वर्षी मला कळले की या फळीवर मी ताठ बसून लिहावे, अशीच त्यांची इच्छा होती.

त्या पाडव्याला मी नवी वही उघडली. तसबिरीमागचे पाकीट अजून आहे, त्यातली एक दहाची, एक पाचाची नोटही. पहिल्या पानावर अण्णांच्याच शब्दांत ओळ लिहिली, फक्त आकडा उर्दूत घातला. एकाची उभी रेघ आणि शेजारी उलटे पिंपळपान. शाई ओली होती, आकडा डावीकडून उजवीकडे जातो, त्यामुळे तळहाताला थोडी लागली. मी ती पुसली नाही.